देव कोणासारखा?

'देव कसा असतो?' हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी येतो. बहुधा तिसरी-चौथीतले एखादे मूल तो विचारते आणि आपण एखादी उपमा देऊन त्याची समजूत घालतो. देव वाऱ्यासारखा, दिसत नाही पण जाणवतो. देव सूर्यासारखा, सर्वांना सारखाच प्रकाश देतो. देव वडिलांसारखा. मोठ्यांशी बोलतानाही आपण तेच करतो. प्रवचनात, प्रार्थनासभेत, आजाऱ्याच्या खाटेशी, मयताच्या घरी आपल्या तोंडून 'सारखा' हा शब्द निघतोच. त्यात गैर काही नाही. देवाला कोणी पाहिलेले नाही, म्हणून पाहिलेल्या गोष्टींच्या आधारानेच त्याच्याविषयी बोलावे लागते. प्रभू येशूनेही तेच केले. पण एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आपण दिलेली उपमा खरी आहे की नुसती सोयीची आहे, हे ओळखायचे कशावरून? आणि ती खोटी असेल, तर तिचा भार कोणावर पडतो?

सुरुवात एका निरुपद्रवी उदाहरणाने करू या. पवित्र त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ ह्यांचा दाखला सर्रास दिला जातो. पदार्थ एकच, रूपे तीन. मुलांना तो चटकन पटतो. पण पाण्याचा जो थेंब बर्फ झाला, तो त्याच वेळी वाफ नसतो. मग यार्देन नदीत येशूचा स्नानसंस्कार झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा आहे, पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, हे सारे एकदम कसे? गेथशेमाने बागेत येशू कोणाला हाक मारीत होता? बर्फ काही वाफेची प्रार्थना करीत नाही. एकच देव वेळोवेळी तीन रूपे घेतो, ही शिकवण तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेल्लियस ह्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि ख्रिस्तसभेने ती नाकारली. म्हणजे श्रद्धा शिकवण्यासाठी घेतलेला दाखला नेमके तेच शिकवतो, जे ख्रिस्तसभेने शिकवू नका म्हटले. संत पॅट्रिक ह्यांच्या तीन पानांच्या रोपाची गोष्टही त्याच वळणाची. संत पाचव्या शतकातले आणि गोष्ट लेखी सापडते ती अठराव्या शतकात, पण ते असो. तीन पाने मिळून एक पान होते, तसा पिता हा काही देवाचा एक तृतीयांश भाग नव्हे.

असल्या दाखल्यांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. मूल मोठे होते, दाखला विसरते किंवा पुढे कोणीतरी सुधारून देते. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक उपमा कोठेतरी मोडते, आणि ती कोठे मोडते हे सांगणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

ख्रिस्तसभेला ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ह्याविषयी एक नियमच घालून दिला. निर्माणकर्ता आणि त्याची निर्मिती ह्यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्याहून मोठा फरक तेथे असतो, तो दृष्टीआड करायचा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात (परिच्छेद ४३) हाच नियम पुन्हा दिला आहे. परिषदेनंतर दहा वर्षांनी जन्मलेले संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तो उलगडून सांगितला. त्यांचा विचार आपल्या वाडीतल्या भाषेत असा मांडता येईल. आपण 'चांगला कोयता' म्हणतो, 'चांगला मुलगा' म्हणतो आणि 'चांगला देव' म्हणतो. कोयता धारदार असला की चांगला. मुलगा धारदार असून चालत नाही. तरी दोन्हीकडे 'चांगला' हा शब्द उगाच आलेला नाही, त्या दोन अर्थांत काहीतरी नाते आहे. देवाला चांगला म्हणतो तेव्हाही तसेच. शब्दाचा अर्थ अगदी तोच नसतो आणि अगदी वेगळाही नसतो. अक्वायनस ह्यांचे पुढचे म्हणणे असे, की चांगुलपणा मुळात देवाचा आहे आणि आपल्याकडे तो उसना आलेला आहे. म्हणून माणसाच्या मापाने देव मोजायचा नसतो.

ह्याच संतांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आम्हां शिकवणाऱ्यांना फार उपयोगाची वाटते. पवित्र शास्त्रात देवासाठी साध्यासुध्या, अगदी हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उपमा का येतात, असा प्रश्न त्यांनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच घेतला. त्यांचे उत्तर असे की, हलकी उपमा अधिक सुरक्षित असते. देव म्हणजे खरोखरच खडक आहे किंवा सिंह आहे असे कोणी समजणार नाही. भारदस्त उपमा मात्र फसवते, कारण ती इतकी शोभून दिसते की ती उपमा आहे हेच आपण विसरतो.

शास्त्र उघडून पाहिले की हे पटते. होशेय संदेष्ट्याने (१३:७-८) देवाला सिंह, चित्ता आणि पिल्ले हिरावलेली अस्वलीण म्हटले आहे. ७८व्या स्तोत्रात परमेश्वर झोपेतून उठतो तो मद्य प्यालेल्या योद्ध्यासारखा. ह्या चित्राचा होली पिक्चर कोणी छापलेला आमच्या पाहण्यात नाही! आणि प्रभू येशूच्या दाखल्यांतील माणसे पाहा. मध्यरात्री दार उघडायला कुरकुर करणारा मित्र, देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा न करणारा न्यायाधीश, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. यरुशलेमेविषयी बोलताना तर त्याने स्वतःला पिल्ले पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीच्या जागी बसवले (मत्तय २३:३७). ही चित्रे देवाशी जुळत नाहीत हे ऐकणाऱ्याला लगेच कळते, आणि न जुळण्यातच त्यांचा मुद्दा आहे. असला निर्ढावलेला न्यायाधीशसुद्धा एका विधवेला शेवटी न्याय देतो, मग देव किती अधिक देईल? 'किती अधिक' हे शब्द येशूच्या उपमांची किल्ली आहेत. आपण पुष्कळदा किल्ली विसरून नुसते कुलूप दाखवतो.

उपमा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणे हेही एक जोखमीचे काम आहे. मराठीत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, साष्टीत राहिले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ऐकणारे नव्याने ख्रिस्ती झालेले होते आणि पुराणे ऐकण्याची त्यांच्या कानांना सवय होती. म्हणून स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा त्यांच्या ओळखीचा शब्द फादरांनी घेतला. ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाबरोबर दुसरेच चित्र उभे राहील, ही भीती त्यांना नसेल असे नाही. पण ओवीमागून ओवी, हजारोंच्या संख्येने सांगत त्यांनी त्या शब्दात नवा अर्थ भरला. एक उपमा देऊन घरी जाणारा हा माणूस नव्हता.

आपल्यासमोर तीच अडचण दुसऱ्या रूपाने आहे. 'चांगला मेंढपाळ' आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर आहे, पण केळी, मोगरा आणि भाजी ह्यांवर वाढलेल्या आपल्या माणसांनी मेंढरे कितीशी पाहिली? घाटावरचे धनगर पावसाळ्यानंतर कोकणात उतरतात, शेतात कळप बसवतात आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. ते जनावरांची फार काळजी घेतात, हे खरे. पण मेंढपाळ मेंढरे पाळतो ती लोकरीसाठी आणि विकण्यासाठी. ती शेवटी कोठे जातात हे खाटकाच्या दुकानाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे उपमा मोडते. आणि येशू तिला आपल्या हातांनीच मोडतो. मेंढरांसाठी स्वतःचा प्राण देणारा मेंढपाळ (योहान १०) कोणत्याही हिशेबी धनगराला वेडा वाटेल. मुलांना आधी खरा धनगर दाखवावा आणि मग येशू त्याच्याहून किती वेगळा आहे ते सांगावे, असे आम्हांला वाटते. भिंतीवरच्या चित्रात हा फरक दिसत नाही.

आता ज्या उपमा दुखावतात त्यांच्याकडे येऊ.

हल्ली एक नवी उपमा वर्गात शिरली आहे. देव म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरा, त्याच्यापासून काही लपत नाही. दुकानात, स्टेशनवर, शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरे असल्यामुळे मुलांना ती लगेच समजते आणि वर्ग थोडा वेळ शांतही बसतो. पण ह्या उपमेने मुलाला काय शिकवले? कोणीतरी आपली चूक पकडण्यासाठी वर बसले आहे. कॅमेरा पाहतो, पण ज्याला पाहतो त्याचे त्याला काही वाटत नाही. रस्त्यावर माणूस पडला तरी तो फक्त चित्रण करीत राहतो. पवित्र शास्त्रात देवाला 'पाहणारा' हे नाव प्रथम कोणी दिले, हे येथे आठवावे. ते एका दासीने दिले. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या गरोदर हागारने (उत्पत्ती १६). पुढे तिला मुलासकट घराबाहेर काढले, चामड्याच्या पिशवीतले पाणी संपले, पोराला झुडपाखाली टाकून ती दूर जाऊन बसली, तेव्हा देवाने त्या पोराचे रडणे ऐकले आणि तिला विहीर दाखवली (उत्पत्ती २१). देव पाहतो म्हणजे असे पाहतो. जिला कोणी पाहत नव्हते तिला त्याने पाहिले. मुलांना धाक हवा असेल तर तो आपण आपल्या नावाने घालावा.

'देव पित्यासारखा आहे' ही उपमा मात्र कोणाच्या सोयीची नाही. ती स्वतः प्रभूने दिली आहे आणि रोजच्या प्रार्थनेत ती आपल्या ओठांवर असते. अडचण अशी की, वर्गात बसलेल्या मुलांपैकी एखाद्याचे वडील रात्री पिऊन येतात. आईला मारतात. त्या मुलाने 'बाप' हा शब्द ऐकला की त्याला दाराची कडी वाजल्याचा आवाज आठवतो. त्याला आपण सांगतो, देव तुझ्या बाबांसारखा आहे.

काही शिक्षक म्हणतात, अशा मुलांसमोर तो शब्दच टाळावा. आम्हांला ते पटत नाही, आणि कारण येशूच्या बोलण्यातच आहे. मत्तयच्या ७व्या अध्यायात भाकरी आणि धोंडा, मासा आणि साप हे दाखले देताना ऐकणाऱ्या बापांना तो स्पष्टपणे वाईट म्हणतो. तुम्ही वाईट असूनही लेकरांना चांगले देणे जाणता, तर स्वर्गीय पिता किती अधिक देईल, असा त्याचा हिशेब आहे. जगातले बाप चांगले असतात, ह्या पायावर त्याने ही उपमा उभारलीच नाही. आणि ज्याच्या घरी बाप धड नाही त्या मुलाला बाप कसा असावा हे ठाऊक नसते, असे थोडेच आहे? ते त्याला इतरांहून जास्त ठाऊक असते. शेजारच्या मुलाला शाळेत सोडायला येणारा बाप तो रोज पाहतो. तेव्हा 'देव तुझ्या बाबांसारखा' असे म्हणण्याऐवजी 'तुला जसे बाबा हवे होते, तसा देव आहे, आणि त्याहून अधिक' असे त्याला सांगता येते. मात्र हे चारचौघांत बोलायचे नाही. कोणते मूल कोणत्या घरातून येते हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे, नाहीतर उपमा देण्याचा त्याचा अधिकारच कच्चा राहतो.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीतही हे आहे. वर उल्लेखिलेल्या ग्रंथाच्या २३९व्या परिच्छेदात म्हटले आहे की, मानवी आईबाप चुकतात, पितृत्वाचा आणि मातृत्वाचा चेहरा विद्रूप करू शकतात. देव स्त्रीपुरुष ह्या भेदापलीकडचा आहे, आणि त्याची माया आईच्या रूपानेही सांगता येते. यशयाने ती तशी सांगितली आहे (४९:१५), आणि तेथेही उपमा मोडूनच. आई एखादे वेळी विसरेल, देव विसरणार नाही. अवघे ३३ दिवस परमगुरुपदी राहिलेले पोप पहिले जॉन पॉल ह्यांनी १० सप्टेंबर १९७८ रोजी ह्याच वचनाच्या आधारे देव आपला पिता आहे, त्याहूनही अधिक आई आहे, असे सांगितले तेव्हा काही लोक दचकले. मराठी माणसाने दचकण्याचे कारण नव्हते. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या ह्या भूमीत कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तालाही आईच्या नात्याने हाक मारली होती.

सर्वांत अवघड जागा मयताच्या घराची. लहान वयात कोणी गेले की आपल्याकडे हमखास एक वाक्य ऐकू येते: देवाला चांगली फुले आवडतात, म्हणून तो ती आधी खुडतो. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, ह्यात शंका नाही. पण ती आई हे वाक्य ऐकते तेव्हा तिला काय ऐकू येते? तिच्या लेकराचे मरण देवाला हवे होते. अपघात, ताप, उशिरा मिळालेले औषध, ह्या सर्वांमागे देवाचा हात होता, आणि कारण काय, तर त्याला फूल आवडले. मोगरा कोण खुडतो, केव्हा आणि कशासाठी, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पहाटे कळ्या खुडायच्या, पुड्या बांधायच्या, दादरच्या बाजारासाठी गाडी गाठायची. कळी उमलली की भाव पडतो, म्हणून उमलण्याआधी खुडायची. हे काम कष्टाचे आहे, इमानाचे आहे. पण देवाने असे का करावे? ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात (१:१३) मृत्यू ही देवाची निर्मिती नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, असे स्वच्छ सांगितले आहे. ते एका बाजूला ठेवून आपण फुलाची उपमा पुढे करतो, कारण घरात शांतता पसरलेली असते आणि ती आपल्याला सोसत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, शास्त्रातच सोनाराची उपमा आहे, देव माणसाला आगीत घालून शुद्ध करतो. आहे. पण ती कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे. 'मला पारखले तर मी सोन्यासारखा निघेन', ह्या अर्थाचे बोल स्वतः ईयोबाचे आहेत (२३:१०). मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगावर फोड उठले, अशा अवस्थेत त्याने स्वतःसाठी ती उपमा शोधली. त्याच्या मित्रांनीही उपमा दिल्या. बिल्दद म्हणाला, चिखलावाचून लव्हाळा वाढत नाही, अधार्मिकाचा भरवसा कोळ्याच्या जाळ्यासारखा असतो. उपमा सुरेख आहेत. पण दिल्या कोणाला? ज्याची दहा मुले नुकतीच घर कोसळून मेली होती त्याला, आणि त्याआधी काही ओळींपूर्वीच मुलांच्या पापामुळे असे घडले असेल हे सुचवून (अध्याय ८). त्या ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. मित्रांवर रागावतो, कारण त्यांनी देवाविषयी जे सांगितले ते बरोबर नव्हते (४२:७). देवाची बाजू घेणाऱ्यांनाच देवाने खोटे पाडले, ही गोष्ट आम्हां सर्व बोलणाऱ्यांनी थोडी भिऊनच वाचावी.

म्हणून दुःखात असलेल्या माणसाने स्वतःसाठी जी उपमा निवडली असेल, ती आपण ऐकावी. तिने स्वतःहून 'माझे लेकरू देवाच्या बागेत आहे' असे म्हटले, तर तो तिचा हक्क आहे आणि त्यावर व्याकरण शिकवण्याचे कारण नाही. आपण तिच्या अंगावर उपमा टाकू नये, एवढेच.

आणि प्रभूने अशा घरी काय केले, हे योहानाच्या ११व्या अध्यायात आहे. लाजर वारल्याचे शिष्यांना सांगताना त्याने आधी झोपेची उपमा दिली. आपला मित्र झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. शिष्यांना वाटले, झोप लागली म्हणजे दुखणे उतरेल. उपमा चुकीच्या ठिकाणी पोहोचली, हे येशूच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली आणि सरळ सांगितले की लाजर मेला आहे. पुढे बेथानीत मार्थाशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, उघड आणि स्पष्ट शब्दांत. मरिया येऊन पायांशी पडली तेव्हा तिला त्याने काहीच समजावले नाही. त्याला कोठे ठेवले आहे, एवढे विचारले, आणि तो रडला.